पिढीजात गुऱ्हाळ टिकवायचे कसे?



कोल्हापूर जिल्ह्यात गुऱ्हाळ हा शेतीला जोडून पिढ्यान्पिढ्या चालत आलेला धंदा आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली आणि येथील गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. दिवाळीच्या पाडव्याला निघणारे मुहूर्ताचे सौदे आणि गुजरातकडे जाणारा माल ही या धंद्याची जुनी ओळख आहे. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

असे असूनही गावोगावची गुऱ्हाळे एकेक करून बंद पडत आहेत. कोणी मजूर मिळत नाहीत म्हणून, कोणी सौद्यात दर मिळत नाही म्हणून, तर कोणी ऊस कारखान्याला घालणे सोपे म्हणून गुऱ्हाळ बंद करतो. ही कारणे खरी आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणी आणखी एक कारण असते आणि ते सहसा बोलून दाखविले जात नाही. म्हातारा गुळव्या थकतो, त्याच्या जागी तसा हात मिळत नाही, गुळाचा रंग आणि कणी बिघडते, दोन हंगाम तोट्यात जातात आणि चुलवाण कायमचे थंड होते. काहील, घाणा, जागा, ऊस सारे जागेवर असते. नसते ते फक्त कसब, कारण ते एका माणसाच्या हातात होते, गुऱ्हाळाच्या मालकीचे नव्हते.

म्हणून जुना धंदा टिकविण्यासाठी पहिली मदत यंत्राची किंवा अनुदानाची नव्हे, तर प्रशिक्षणाची लागते. हे प्रशिक्षण कोणत्या क्रमाने घ्यावे आणि त्याला शासकीय साहाय्याची जोड केव्हा द्यावी, याची माहिती या पाठात दिली आहे.

प्रथम हिशेब मांडा

गुऱ्हाळ चालू ठेवावे की नाही, हे भावनेने ठरवू नये. त्यासाठी एक टन उसाचा हिशेब कागदावर मांडावा. कारखान्याला ऊस घातला असता तर तोडणी व वाहतूक वजा जाऊन हातात काय पडले असते, ही रक्कम प्रथम लिहावी. २०२५-२६ च्या गाळप हंगामासाठी केंद्र शासनाने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला होता. तथापि हा दर तोडणी-वाहतुकीसह असल्याने तुलना करताना तो खर्च वजा करणे आवश्यक आहे. पुष्कळ शेतकरी येथेच चुकतात.

खालील आकडे केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी घेतले आहेत. त्या जागी आपले आकडे घालावेत. समजा,

कारखान्याकडून टनाला निव्वळ मिळाले असते : ३,००० रुपये
गुऱ्हाळासाठी तोडणी व ओढणी : ५०० रुपये
गुळव्या, मजुरी, वीज, चुना, भेंडी इत्यादी : १,००० रुपये
घाणा, काहील, चुलवाणाची झीज व व्याज : २०० रुपये
बांधणी : १०० रुपये
एकूण : ४,८०० रुपये

आता या एक टन उसापासून गूळ किती पडला, ते पाहू. उतारा १० टक्के असेल तर १०० किलो गूळ पडेल आणि किलोला ४८ रुपये पडल्याशिवाय गुऱ्हाळ कारखान्याच्या बरोबरीला येणार नाही. उतारा ११ टक्के असेल तर हाच आकडा सुमारे ४३ रुपये ६० पैसे होतो आणि १२ टक्के असेल तर ४० रुपये. म्हणजे उताऱ्यातील एका टक्क्याच्या फरकाने किलोमागे साधारण चार रुपयांचा फरक पडतो. सौद्यात चार रुपये वाढवून मिळणे आपल्या हातात नाही. उतारा एक टक्का वाढविणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. या हिशेबात अडत व हमाली धरलेली नाही, ती आपल्या पेठेप्रमाणे मिळवावी.

हा हिशेब येत नसेल तर कोणतेही कर्ज घेऊ नये. आणि हिशेब मांडूनही तीन-तीन हंगाम तोटाच दिसत असेल, तर आहे तसेच गुऱ्हाळ रेटण्यात शहाणपण नाही. अशा वेळी शेजारच्या दोन-तीन गुऱ्हाळमालकांनी मिळून एकच गुऱ्हाळ नीट चालविणे अधिक हितावह ठरते.

गुळव्याचा हात वहीत उतरवा

चांगला गुळव्या काहिलीकडे बघूनच सांगतो की आता मळी काढा, आता जाळ कमी करा, आता काहील उतरवा. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून तो गोळीची परीक्षा घेतो. बुडबुडे कसे फुटतात आणि वास कसा येतो यावरून पाक कुठवर आला ते ओळखतो. हे ज्ञान खरे आहे व ते वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेले आहे. त्याला कमी लेखू नये. तापमापक आणला म्हणजे गुळव्याची गरज संपली, असे समजणारा मालक पहिल्याच आठवड्यात गूळ बिघडवून बसतो. तापमापकाचा उपयोग गुळव्याला हटविण्यासाठी करावयाचा नसून, त्याला जे दिसते ते दुसऱ्यालाही दिसावे यासाठी करावयाचा आहे.

याकरिता चार साधने पुरेशी आहेत : २०० अंश सेल्सिअसपर्यंत मोजणारा लांब दांड्याचा तापमापक, रसातील विद्राव्य घटक म्हणजेच ब्रिक्स मोजणारा हातातील रिफ्रॅक्टोमीटर, सामू तपासण्याच्या कागदी पट्ट्या आणि खात्रीचा वजनकाटा. तापमापक आणल्यावर प्रथम उकळत्या पाण्यात बुडवून पाहावा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तापमापक ९५ किंवा १०२ दाखवीत असेल तर तेवढी चूक वहीत लिहून ठेवावी व पुढील प्रत्येक मोजमापात ती धरावी.

वहीत प्रत्येक आधणाला एक ओळ द्यावी आणि पुढील नोंदी कराव्यात.

१) तारीख, शेताचे नाव, उसाची जात, लागण की खोडवा.
२) ऊस तोडल्याची वेळ व घाण्याला लागल्याची वेळ.
३) उसाचे वजन, रसाचे माप, रसाचा ब्रिक्स व सामू.
४) चुना व भेंडी किती घातली.
५) काहील उतरविली तेव्हाचे तापमान.
६) गुळाचे वजन, रंग व कणीबद्दल गुळव्याचा शेरा.
७) सौद्यात मिळालेला दर.

शेवटचा रकाना पुष्कळजण रिकामा ठेवतात. वास्तविक तोच सर्वांत मोलाचा आहे. कोणत्या शेताचा, कोणत्या दिवशीचा गूळ चांगला दर घेऊन गेला आणि त्या आधणाला काय वेगळे केले होते, हे त्यावरूनच कळते.

एका हंगामाचे घरचे प्रशिक्षण

घरातील एक तरुण मुलगा किंवा मुलगी आणि गुऱ्हाळावरील एक होतकरू मजूर, अशी किमान दोन माणसे शिकण्यासाठी निवडावीत. एकच माणूस शिकविला आणि तो निघून गेला तर पुन्हा मूळपदावर येण्याची वेळ येते. गुळव्याला शिकविण्याचा वेगळा मोबदला ठरवून द्यावा. आपला हात दुसऱ्याला दिला की आपली किंमत कमी होईल, अशी भीती त्याला वाटणे स्वाभाविक आहे. ही भीती मोबदल्याने आणि मानाने दूर होते, उपदेशाने होत नाही.

पहिला टप्पा : पहिले पंधरा दिवस गुळव्याने नेहमीप्रमाणे काम करावे. शिकणाऱ्यांनी फक्त मोजावे आणि लिहावे. कोणतीही सूचना करू नये.

दुसरा टप्पा : शिकणाऱ्याने आधी आपला अंदाज लिहावा की ही काहील किती अंशांवर उतरेल व गूळ किती पडेल. नंतर गुळव्याने उतरविलेल्या काहिलीशी तो पडताळून पाहावा. अंदाज का चुकला हे गुळव्याला विचारावे. शिकण्यासारखे सर्वांत जास्त येथेच मिळते.

तिसरा टप्पा : गुळव्या शेजारी उभा असताना शिकणाऱ्याने काहील उतरवावी. दिवसाला एकच आधण त्याच्या हाती द्यावे, म्हणजे बिघडले तरी नुकसान मर्यादित राहील.

चौथा टप्पा : हंगामाच्या अखेरीस शिकणाऱ्याने सलग पाच आधणे स्वतः करावीत. त्यांचा उतारा, रंग व दर गुळव्याच्या आधणांशी ताडून पाहावा. फरक किरकोळ असेल तर कसब आता गुऱ्हाळाचे झाले, असे समजण्यास हरकत नाही.

या घरच्या शिक्षणाला शास्त्रीय जोड हवी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापूर येथे आहे. तेथे किंवा आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाताना वही बरोबर न्यावी. "गूळ काळा पडतो, काय करू?" या प्रश्नाला सर्वसाधारण उत्तर मिळेल. "या शेतातील खोडव्याच्या रसाचा ब्रिक्स १७ येतो आणि ११८ अंशांवर उतरवूनही गूळ चिकट राहतो" असे सांगितले, तर नेमके उत्तर मिळेल.

चांगल्या गुळाची सुरुवात शेतात

गुळासाठी को ९२००५, को ८०१४, कोसी ६७१ व को ८६०३२ (नीरा) या जाती चांगल्या समजल्या जातात. जात चांगली असली तरी खत आणि पाणी बिघडले तर गूळ बिघडतो. नत्राची मात्रा शिफारशीपेक्षा जास्त किंवा उशिरा दिली तर ऊस हिरवा व रसरशीत दिसतो, परंतु रस लवकर निवळत नाही, गूळ मऊ राहतो आणि साठवणीत त्याला पाणी सुटते. क्षारपड जमिनीतील उसाचा गूळ खारट व काळसर होतो. अशा शेतातील ऊस गुऱ्हाळाला न आणता कारखान्याला घालावा. २०१९ व २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरात राहिलेल्या फडांनी हा अनुभव अनेकांना दिला आहे. पुरात कुजलेल्या किंवा शेंडा मेलेल्या उसाला पांगशा फुटतात, रसाची प्रत उतरते आणि कितीही चुना घातला तरी गूळ सुधारत नाही.

तोडणीपूर्वी फडाच्या चार-पाच ठिकाणच्या उसांचा ब्रिक्स पाहावा. बुडख्याकडील व शेंड्याकडील ब्रिक्समध्ये फारसा फरक उरला नाही आणि आकडा २० च्या वर गेला, म्हणजे ऊस पक्व झाला असे समजावे. तोडलेला ऊस शक्यतो सहा ते आठ तासांत घाण्याला लावावा. उन्हात पडून राहिलेल्या उसाचे वजन तर घटतेच, शिवाय त्यातील साखरेचे विघटन होऊन गुळाला कणी धरत नाही. पाचट, मुळ्या व हिरवे वाढे घाण्यात जाऊ देऊ नये.

घाणा, रस आणि काहील

घाण्याच्या लाटांमधील अंतर बिघडले की चिपाडात रस राहतो. चिपाड हाताने पिळून पाहावे. ओलसर लागत असेल तर लाटा जुळवून घ्याव्यात. वर सांगितलेला एक टक्का उतारा पुष्कळ वेळा याच चिपाडातून जळून जात असतो. चिपाड ओले असल्याने ते नीट पेटत नाही आणि जळण विकत आणावे लागते, हा दुसरा तोटा. घाणा नीट व चुलवाणाची जाळी व्यवस्थित असेल तर गाळलेल्या उसाचेच वाळलेले चिपाड त्या आधणाला पुरावे, अशी कसोटी ठेवावी. जुने टायर, प्लॅस्टिक अथवा चिंध्या चुलवाणात कदापि घालू नयेत. त्याचा धूर मजुरांच्या छातीत आणि काजळी गुळात जाते.

रस गाळून काहिलीत घ्यावा. ताज्या रसाचा सामू साधारण ५.२ ते ५.४ असतो. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून तो ६ ते ६.४ पर्यंत आणावा. चुना कमी पडला तर मळी सुटत नाही व गूळ मऊ होतो. चुना जास्त झाला तर गूळ काळपट होतो. म्हणून ओंजळीच्या मापावर अवलंबून न राहता पट्टीने तपासावे. हजार लिटर रसाला सुमारे दोन किलो रानभेंडीची खोडे ठेचून, पाण्यात कुस्करून काढलेला चीक घालावा. रस तापू लागला की मळी वर येते. ती उकळी फुटण्यापूर्वी काढून घ्यावी. एकदा जोराची उकळी आली की मळी रसात मिसळते आणि मग ती निघत नाही.

मळी निघाल्यावर जाळ वाढवावा. पाक घट्ट होत आला की जाळ आवरावा आणि सतत ढवळत राहावे. फेस उतू जाऊ नये म्हणून शेंगदाणा तेलाचे थोडे थेंब टाकावेत. ढेपेच्या गुळासाठी साधारण ११६ ते ११८ अंश सेल्सिअसला काहील उतरवावी. काकवीसाठी १०५ ते १०६ अंश, तर भुकटी गुळासाठी १२० ते १२२ अंश तापमान योग्य असते. दोन-तीन अंशांनी सारा माल बदलतो, यावरून तापमापकाचे महत्त्व लक्षात यावे.

गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोस पावडर वापरण्याची सवय अनेक ठिकाणी लागली आहे. या पावडरीने आलेला रंग फार काळ टिकत नाही, साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. गुळात गंधकाचा अंश दहा लाख भागांत ७० भागांपेक्षा जास्त असू नये, असे अन्नसुरक्षा नियमांत बंधन आहे. चिमटीने पावडर टाकणाऱ्याला आपण या मर्यादेच्या आत आहोत की बाहेर, हे कळण्याचा मार्ग नाही. गुळात साखर मिसळणे तर स्वतःच्याच नावाला बट्टा लावणे होय. कोल्हापुरी नावाला मिळणारा दर हा विश्वासाचा दर आहे. एका गुऱ्हाळाने तो मोडला तर त्याची झळ साऱ्या पेठेला बसते.

माल बदला, पण थोडा थोडा

तीस किलोच्या रव्याची बांधणी घाऊक बाजारासाठी होती. आजचे छोटे कुटुंब एक किंवा अर्धा किलोचा पुडा घेते. चहासाठी भुकटी, लहान मुलांसाठी वडी, पोळीबरोबर काकवी अशी मागणी शहरात आहे. तथापि सारे गुऱ्हाळ एकदम भुकटीवर नेऊ नये. पहिल्या हंगामी दहांतील एक आधण नव्या मालाचे करावे. नेहमीचा रवा सौद्याला जात राहिला म्हणजे मजुरी व खर्च भागतो आणि नवा माल शिकताना झालेले नुकसान सोसता येते.

भुकटीसाठी पाक वाफ्यात घेऊन थोडा निवू द्यावा व लाकडी खुरप्याने घोटावा. तयार रवाळ गूळ ३ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून, ओलावा २ टक्क्यांच्या आत येईपर्यंत वाळवावा. ओलाव्याकडे दुर्लक्ष झाले तर पावसाळ्यात पुड्यात एकच गठ्ठा होतो आणि दुकानदार माल परत पाठवितो. बांधणीची खोली चुलवाणापासून वेगळी, कोरडी व जाळी लावलेली असावी. हे काम गावातील महिला बचत गटाकडे दिल्यास स्वच्छता राहते आणि घाण्यावरची माणसे मोकळी होतात.

परवाना व वेष्टन यांबाबत पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घेतल्याशिवाय पुड्यातील माल विकू नये. लहान उद्योगास नोंदणी व मोठ्यास परवाना, अशी रचना आहे.
२) वेष्टनावर मालाचे नाव, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, गटक्रमांक, किती काळ चांगला राहील, किंमत, नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी चिन्ह असावे. गटक्रमांक वहीतील आधणाच्या क्रमांकाशी जुळवावा. तक्रार आली तर चूक कोठे झाली ते लगेच सापडते.
३) प्रमाणपत्र नसेल तर "सेंद्रिय" हा शब्द छापू नये.
४) १८ जुलै २०२२ पासून आधीच बांधलेल्या व लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या गुळावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. दर ठरविण्यापूर्वी याबाबत कर सल्लागाराला विचारावे.
५) भौगोलिक मानांकनाच्या कायद्यात उत्पादकाने "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नाव नोंदविण्याची तरतूद आहे. मानांकन जिल्ह्याला मिळाले म्हणजे ते आपोआप आपल्या पुड्यावर छापता येते, हा गैरसमज आहे.

साहाय्य केव्हा घ्यावे?

केंद्र शासनाने २०२० मध्ये प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना सुरू केली. तिचे वैशिष्ट्य असे की, ती केवळ नव्या उद्योगांसाठी नसून चालू असलेल्या जुन्या लहान उद्योगांची सुधारणा करण्यासाठीही आहे. वैयक्तिक उद्योगास बँक कर्जाशी निगडित असे, पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के व कमाल १० लाख रुपये अनुदान आणि त्याबरोबर प्रशिक्षण, अशी तिची रचना करण्यात आली. मुदतवाढीनंतर योजनेचा कालावधी २०२५-२६ अखेरपर्यंत ठेवण्यात आला होता. म्हणून अर्ज करण्यापूर्वी ती किंवा तिच्या जागी आलेली योजना कोणत्या स्वरूपात चालू आहे, याची तालुका कृषी अधिकारी कार्यालयात खात्री करून घ्यावी.

योजना कोणतीही असो, बँकेचा अधिकारी तीन प्रश्न विचारतोच : गेल्या हंगामात माल किती झाला, त्याला खर्च किती आला आणि तो कोणाला, काय दराने विकला? ज्याच्याकडे आधणाची वही आहे, त्याला या प्रश्नांची उत्तरे तयार असतात. ज्याच्याकडे नाही, तो पिढीजात अनुभव सांगत बसतो आणि अर्ज मागे पडतो. म्हणजे जी वही गूळ सुधारण्यासाठी सुरू केली, तीच कर्जाच्या कामी येते.

अनुदान मिळते म्हणून यंत्र घेऊ नये. ज्या कामात आज नुकसान होत आहे असे वहीत दिसते, त्याच कामाचे यंत्र घ्यावे. रस चिपाडात राहत असेल तर प्रथम घाणा, जळण पुरत नसेल तर सुधारित चुलवाण, माल चांगला होऊनही पुडे परत येत असतील तर वाळवणी व बांधणीची सोय, असा क्रम ठेवावा. जो माणूस यंत्र चालविणार, त्याचे प्रशिक्षण यंत्र येण्याआधी झालेले असावे. झाकून ठेवलेले यंत्र कर्जाचे हप्ते थांबवीत नाही.

येत्या हंगामासाठी कामाचे वेळापत्रक

पावसाळ्यात : मागील हंगामाचा हिशेब मांडावा. घाण्याच्या लाटा, चुलवाणाची जाळी व काहील यांची दुरुस्ती करावी. अन्नसुरक्षा नोंदणीची मुदत तपासावी. गुळव्याशी शिकविण्याबाबत बोलणी करावीत.

हंगामापूर्वी : शिकणाऱ्या दोघांना संशोधन केंद्र किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणाला पाठवावे. साधने आणून तपासून घ्यावीत. कोणत्या शेताचा ऊस केव्हा तोडायचा, याची यादी करावी.

हंगामात : प्रत्येक आधणाची नोंद करावी. घरच्या प्रशिक्षणाचे चार टप्पे पूर्ण करावेत. दहांतील एक आधण नव्या मालाचे करावे.

हंगामानंतर : वही समोर ठेवून घरातील सर्वांनी बसावे. उतारा कोठे गेला, दर कोठे चुकला, हे पाहून मगच यंत्र व कर्ज यांचा विचार करावा.

बंधू-भगिनींनो, गुऱ्हाळ बंद पडते तेव्हा एका घराचेच उत्पन्न जाते असे नाही. गुळव्या, चुलवाणाला जाळ घालणारा, तोडणीवाला, गाडीवान आणि अडत दुकानातील हमाल या सर्वांचे काम जाते. शिवाय कारखान्याखेरीज ऊस घालण्याची दुसरी जागा उरत नाही, आणि ज्याला दुसरी जागा नाही त्याला दराबाबत बोलण्यालाही जागा राहत नाही. म्हणून गुऱ्हाळाचा पर्याय हाती असणे हे ऊस उत्पादकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

वडिलांनी दिलेले चुलवाण मुलाच्या हाती देताना त्यासोबत वहीही द्यावी. हात थकतात, नोंदी थकत नाहीत. यंदाच्या पाडव्याला चुलवाण पेटविताना पहिल्या आधणाची पहिली ओळ लिहून सुरुवात करावी. त्याचा फायदा त्याच हंगामाच्या अखेरीस दिसू लागेल.